मारिया चक्रीवादळ (२०१७): श्रेणी घटूनही पोर्तो रिकोची एवढी हानी का झाली, आणि मृतांचा आकडा ६४ वरून २,९७५ वर कसा गेला?

किनारपट्टी

नमस्कार. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांवर मराठीत एक दीर्घ लेख लिहिण्याचे काम सध्या हाती घेतले आहे. त्यात उदाहरण म्हणून सप्टेंबर २०१७ मधील मारिया या वादळाचा संपूर्ण प्रवास, म्हणजे आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या उगमापासून उत्तर अटलांटिकमधील शेवटापर्यंत, मांडण्याचा विचार आहे. प्रवासाचा ढोबळ आराखडा तयार झाला असला, तरी काही ठिकाणी अडते आहे आणि त्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

हे वादळ १७ सप्टेंबरला जेमतेम पहिल्या श्रेणीत (वाऱ्याच्या वेगावरून वादळांच्या एक ते पाच अशा श्रेणी केल्या जातात) पोहोचले आणि १८ तारखेच्या रात्री डॉमिनिका या बेटावर आदळताना ते पाचव्या श्रेणीत होते. एवढ्या थोड्या वेळात त्याला एवढे बळ कोठून मिळाले? त्यानंतर २० तारखेला पोर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतील कॅरिबियन बेटावर येताना त्याची श्रेणी पाचवरून चारवर उतरली होती. असे असताना त्या बेटाची वीज, पाणी, रस्ते आणि दूरसंचार ही सगळी व्यवस्था एकाच दिवसात कोलमडली, याची संगती वाऱ्याच्या वेगावरून लागत नाही. आणि ज्याने मी सर्वाधिक अस्वस्थ झालो तो प्रश्न मृतांच्या संख्येचा आहे. एका ठिकाणी ६४, दुसऱ्या ठिकाणी २,९७५ आणि तिसऱ्या ठिकाणी ४,६४५ असे आकडे आढळतात. एकाच घटनेतील मृतांचे आकडे एकमेकांपासून इतके दूर कसे असू शकतात, आणि लेखात कोणता द्यावा?

मेघमंडल

आपल्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर वादळाच्या अंतरंगात आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ऑगस्ट आणि सप्टेंबर महिन्यांत पश्चिम आफ्रिकेवरून दर काही दिवसांनी कमी दाबाच्या लहरी अटलांटिकवर येतात आणि पूर्वेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांबरोबर पश्चिमेकडे सरकतात. त्यांपैकी बहुतेक लहरी पाऊस पाडून विरून जातात. मारियाचे बीज असलेली लहर १२ सप्टेंबरला आफ्रिकेचा किनारा सोडून निघाली आणि पुढचे काही दिवस तिच्यात विशेष असे काही दिसत नव्हते. १६ तारखेला बार्बाडोसच्या पूर्वेला, साधारण हजार किलोमीटरवर, ढगांची रचना एका केंद्राभोवती बांधली गेली, त्याच दिवशी तिला नाव मिळाले आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती चक्रीवादळाच्या श्रेणीत गेली.

वादळ वाढण्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक असावे लागते. मारियाच्या वाटेतील पाणी २९ अंशांच्या आसपास होते. परंतु केवळ ऊब पुरत नाही. खालच्या आणि वरच्या थरांतील वाऱ्यांच्या वेगात व दिशेत मोठा फरक असेल, तर वादळाचा उभा स्तंभ कलतो आणि केंद्राभोवती साठणारी उष्णता विखुरली जाते. १८ सप्टेंबरला तो फरक अत्यल्प होता आणि भोवतालची हवा दमट होती. अशा स्थितीत बाष्पाचे पाणी होताना मोकळी झालेली उष्णता केंद्रालगतच राहते, केंद्रातील दाब आणखी उतरतो, त्यामुळे वारे आणखी वेगाने आत ओढले जातात आणि समुद्रावरून आणखी बाष्प उचलले जाते. हे चक्र स्वतःलाच बळ देत राहते.

चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी ५५ किलोमीटरने वाढला, तरी हवामानशास्त्रज्ञ त्याला जलद तीव्रतावाढ म्हणतात. मारियाच्या बाबतीत ही वाढ ताशी १०० किलोमीटरहून अधिक होती. उपग्रहाच्या चित्रांत तिचा डोळा, म्हणजे केंद्रातील शांत भाग, टाचणीच्या छिद्राएवढा दिसू लागला होता आणि इतका लहान डोळा असलेली वादळे फार झपाट्याने बदलतात. वादळ बळावणार हे पूर्वानुमानात होते, परंतु ही उडी एवढी मोठी असेल हे संगणकीय प्रारूपांना पकडता आले नाही. डॉमिनिकाच्या नागरिकांना सकाळी अपेक्षित असलेले वादळ आणि रात्री सव्वानऊच्या सुमारास त्यांच्यावर आलेले वादळ यांत फार मोठे अंतर होते. त्या वेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २६५ किलोमीटर होता. पंतप्रधान रूझवेल्ट स्केरिट यांनी आपल्या घराचे छप्पर उडाल्याचे त्याच रात्री फेसबुकवरून कळवले आणि नंतर त्यांची सुटका करण्यात आली. सुमारे ७० हजार लोकवस्तीच्या या देशात मृत आणि बेपत्ता मिळून ६५ जण गेले, आणि नुकसान देशाच्या वार्षिक सकल उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक, सुमारे २२६ टक्के, भरले.

आता श्रेणी घटण्याविषयी. डोंगराळ डॉमिनिका ओलांडताना मारिया थोडी क्षीण झाली, परंतु काही तासांतच सावरली आणि १९ तारखेच्या रात्री सेंट क्रॉय बेटाच्या दक्षिणेला तिने आपले शिखर गाठले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २८० किलोमीटर आणि केंद्रातील दाब ९०८ मिलिबार होता. त्यानंतर तीव्र वादळांत नेहमी दिसणारी एक प्रक्रिया घडली. डोळ्याला वेढणाऱ्या ढगांच्या भिंतीबाहेर, काही अंतरावर, दुसरी भिंत उभी राहते. बाहेरची भिंत आतल्या भिंतीचे बाष्प तोडते, आतली भिंत ढासळते आणि बाहेरचीच मुख्य होते. या बदलात सर्वाधिक वेग उतरतो, म्हणून श्रेणी उतरते, परंतु डोळा मोठा होतो आणि जोरदार वाऱ्यांचा घेर रुंदावतो. मारियाच्या डोळ्याचा व्यास या काळात साधारण तिप्पट झाला. २० सप्टेंबरला सकाळी सव्वासहाच्या सुमारास ती याबुकोआजवळ किनाऱ्यावर आली, तेव्हा वेग ताशी सुमारे २५० किलोमीटर होता आणि पाचवी श्रेणी २५२ पासून सुरू होते. म्हणजे श्रेणीत एकाची घट दिसत असली, तरी प्रत्यक्षात उंबरठ्याला अगदी लागून असलेला आणि आधीपेक्षा बराच रुंद असा वाऱ्याचा पट्टा बेटावरून गेला. १९२८ मधील सान फेलिपे सेगुंदो या वादळानंतर पोर्तो रिकोवर आलेले हे सर्वांत तीव्र वादळ होते.

श्रेणीविषयी एक गोष्ट आपल्या लेखात अवश्य असावी असे मला वाटते. या श्रेणी ठरवणारी सॅफिर-सिम्पसन मापनश्रेणी आज फक्त एक मिनिटाच्या सरासरी वाऱ्याचा सर्वाधिक वेग पाहते. वादळाचा आकार, पावसाचे प्रमाण, पुढे सरकण्याची गती आणि समुद्राच्या पाण्याची चढ यांपैकी काहीही त्या एका अंकात येत नाही.

पारेषण

मेघमंडल यांनी वाऱ्याची बाजू नेमकी मांडली आहे. पोर्तो रिकोच्या हानीचा मोठा भाग मात्र जमिनीवर आधीपासून असलेल्या स्थितीशी जोडलेला आहे, आणि तो भाग वगळून मारियाचा परिणाम समजणार नाही.

बेट पूर्वेकडून पश्चिमेकडे सुमारे १६० किलोमीटर लांब आहे आणि त्याच्या मध्यातून पर्वतरांग जाते. आगिर्रे आणि कोस्ता सूर ही मोठी वीजकेंद्रे दक्षिण किनाऱ्यावर, तर राजधानी सान हुआनसह बहुतांश मागणी उत्तर किनाऱ्यावर. त्यामुळे दक्षिणेत तयार झालेली वीज डोंगर ओलांडणाऱ्या उच्चदाब वाहिन्यांवरून उत्तरेला न्यावी लागते. हे मनोरे कड्यांवर आणि अरुंद खिंडींत उभे होते आणि त्यांपैकी कित्येकांपर्यंत धड रस्ताही नव्हता. मारिया आग्नेयेकडून शिरली आणि आठ तासांत बेट तिरके कापत आरेसिबोच्या पूर्वेकडून वायव्येला बाहेर पडली. या मार्गावर पारेषणाचा, म्हणजे वीज दूर वाहून नेण्याच्या व्यवस्थेचा, कणाच होता. वीजकेंद्रांची मोडतोड तुलनेने कमी झाली, पण पारेषण वाहिन्या आणि वितरणाचे खांब आडवे झाले. सुमारे ८० टक्के खांब पडल्याचे सांगितले जाते. वीज तयार करता येत होती, परंतु ती नेण्याचा मार्ग उरलेला नव्हता.

याच्या दोनच आठवडे आधी, ६ सप्टेंबरला, इर्मा हे पाचव्या श्रेणीचे वादळ बेटाच्या उत्तरेकडून गेले होते. त्याचा केंद्रभाग बेटावर आला नाही, तरीही दहा लाखांहून अधिक ग्राहकांचा पुरवठा तुटला आणि मारिया आली तेव्हा हजारो घरे अजून अंधारातच होती. दुरुस्तीचे साहित्य इर्माने आधीच बरेचसे संपवले होते. त्यातच बेटाच्या सार्वजनिक वीजमंडळावर सुमारे ९०० कोटी डॉलरचे कर्ज होते आणि जुलै २०१७ मध्ये त्याने दिवाळखोरीसाठी अर्ज केला होता. कित्येक वर्षे देखभाल लांबणीवर पडल्याने खांब कुजलेले आणि वाहिन्यांखालची झाडे वाढलेली, अशी यंत्रणा त्या सकाळी वाऱ्याला सामोरी गेली. अमेरिकेत एखाद्या भागातील वीजव्यवस्था कोलमडली, तर इतर राज्यांतील वीजकंपन्यांची पथके परस्पर-मदत करारानुसार धावून येतात. पोर्तो रिकोकडून अशी औपचारिक मागणी जायला ऑक्टोबरअखेर उजाडले. माझ्या मते पुढच्या महिन्यांतील हालांचे हे एक मोठे आणि टाळता येण्याजोगे कारण होते.

आकडे पाहा. डिसेंबर २०१७ च्या अखेरीस सुमारे १५ लाख ग्राहकांपैकी निम्म्याहून किंचित अधिक जणांकडे वीज परतली होती. एप्रिल २०१८ मध्ये एका खोदकाम यंत्राचा वाहिनीला धक्का लागून संपूर्ण बेट पुन्हा अंधारात गेले. अखेरच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला ऑगस्ट २०१८ उजाडला, म्हणजे जवळजवळ अकरा महिने लागले. अमेरिकेच्या इतिहासातील हा सर्वांत मोठा वीजखंड मानला जातो.

वीज गेली की पाण्याचे पंप थांबतात, मोबाइलचे मनोरे बंद पडतात (सुरुवातीला त्यांपैकी सुमारे ९५ टक्के बंद होते), पेट्रोल पंपावर इंधन असूनही ते उपसता येत नाही आणि बँकेचे यंत्र पैसे देत नाही. रुग्णालयांत जनित्रे होती, परंतु ती काही दिवसांच्या वापरासाठी असतात, महिनोन्महिने अखंड चालण्यासाठी नव्हे. व्हिएकेस या लहान बेटावरील आरोग्यकेंद्र निकामी झाल्यावर तेथील डायलिसिसच्या रुग्णांना आठवड्यातून अनेकदा छोट्या विमानाने मुख्य बेटावर न्यावे लागत होते. हवामान बिघडले की उड्डाण रद्द, आणि उड्डाण रद्द म्हणजे त्या दिवसाचे रक्तशुद्धीकरणही रद्द. आपल्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला येथेच दिसते.

पावसाचा वाटाही वाऱ्याइतकाच मोठा आहे. काग्वास येथे सुमारे ९६ सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. ओलसर हवा डोंगरांवर चढली की पाऊस वाढतो, आणि तेच येथे झाले. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने नंतर हवाई छायाचित्रांवरून दरडींची मोजणी केली, तेव्हा ती ७० हजारांच्या वर गेली. उतुआदोसारख्या डोंगराळ भागात पूल वाहून गेले आणि काही वस्त्यांना नदीपलीकडे दोरावरून सामान ओढून घ्यावे लागले. उत्तरेत ला प्लाता नदीच्या पुराने तोआ बाहामधील वस्ती बुडाली. वायव्येत ग्वाहाताका धरणाचा सांडवा खचू लागल्याने २२ सप्टेंबरला खालच्या भागातील सुमारे ७० हजार लोकांना घरे सोडण्यास सांगावे लागले. धरण टिकले, परंतु ते टिकेल याची त्या दिवशी कोणालाही खात्री नव्हती.

आणखी एक बाब मेघमंडल यांना नक्कीच ठाऊक असेल. कायेयच्या डोंगरावरील हवामान रडार वादळ किनाऱ्याला लागण्याच्या थोडे आधीच बंद पडले. त्यावरील गोलाकार कवच वाऱ्याने उडाले आणि आतील तबकडी नाहीशी झाली. ज्या तासांत त्याची सर्वाधिक गरज होती, त्याच तासांत बेटावरील पाऊस मोजणारा डोळा मिटलेला होता. त्याच्या जागी नवे रडार उभे राहायला २०१८ चा जून लागला.

वनराई

मुख्य प्रश्नांची उत्तरे येत आहेत, म्हणून थोडक्यात निसर्गावरील परिणामाची भर घालतो.

वादळानंतरच्या उपग्रहचित्रांत पोर्तो रिको हिरव्याऐवजी तपकिरी दिसते. एल युंके या वर्षावनातील झाडांची पाने वाऱ्याने पार ओरबाडली गेली आणि मोठी झाडे मधोमध मोडली. छत्र नाहीसे झाल्यावर जमिनीपर्यंत थेट ऊन पोहोचले, त्यामुळे खालच्या थरातील बेडूक, कीटक आणि नेचे यांचे जगच बदलले. शेतीची हानीही भीषण होती. बेटाच्या कृषी विभागाने पिकांच्या एकूण मूल्यापैकी सुमारे ८० टक्के गेल्याचे सांगितले. कॉफीचे नवे झुडूप फळाला यायला काही वर्षे लागतात, त्यामुळे डोंगरातील कॉफी उत्पादकांचे नुकसान एका हंगामापुरते नव्हते.

उमाकाओजवळ कायो सांतियागो नावाचे एक चिमुकले बेट आहे, तेही वादळाच्या वाटेत होते. तेथे १९३८ मध्ये भारतातून नेलेल्या सुमारे ४०० माकडांचे वंशज राहतात आणि त्यांचा अभ्यास पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. वादळात बहुतेक माकडे बचावली, पण झाडे गेली आणि दुपारची सावली दुर्मीळ झाली. संशोधकांना नंतर असे आढळले की या माकडांनी नवे सोबती जोडले आणि पूर्वी ज्यांना जवळ येऊ दिले नसते, त्यांनाही सावलीत बसू दिले. वादळाच्या परिणामांविषयीचे इतके बारकाईचे निरीक्षण मी अन्यत्र वाचलेले नाही.

स्पष्टवक्ता

मृतांच्या संख्येबाबत मला एवढेच म्हणायचे आहे की खरा आकडा ४,६४५ हाच आहे. तो हार्वर्डच्या संशोधकांचा आहे, प्रतिष्ठित वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेला आहे, आणि सरकारने तो दडपण्याचा प्रयत्न केला. सान हुआनमध्ये विधिमंडळाच्या इमारतीसमोर लोकांनी मृतांच्या नावाने शेकडो जोड्यांनी चपला-बूट मांडून ठेवले होते, ते याच आकड्यानंतर. लेखात हाच आकडा द्यावा.

लोकारोग्य

स्पष्टवक्ता, आपला संताप मी समजू शकतो आणि त्या पादत्राणांच्या रांगांमागे ज्यांचे दुःख होते, त्यांच्याविषयी माझ्या मनात पूर्ण आदर आहे. परंतु त्याच आदरापोटी हे तिन्ही आकडे कसे तयार झाले ते नीट पाहिले पाहिजे, कारण ते एकाच गोष्टीचे तीन अंदाज नाहीत.

६४ ही मोजणी आहे. ज्या मृत्यूच्या दाखल्यावर वादळ हे कारण म्हणून लिहिले गेले, तेवढेच मृत्यू तिच्यात आले. कोसळलेल्या भिंतीखाली किंवा पुरात गेलेला माणूस त्यात येतो. परंतु श्वसनयंत्राची वीज तुटल्याने तीन आठवड्यांनी दगावलेल्या वृद्धाच्या दाखल्यावर श्वसनविकार एवढेच लिहिले जाते. आपत्तीशी अप्रत्यक्ष संबंध असलेले मृत्यू दाखल्यावर कसे नोंदवावेत, याची माहितीच बेटावरील अनेक डॉक्टरांना नव्हती, असे नंतरच्या अभ्यासात स्पष्ट झाले. म्हणजे दाखले खोटे नव्हते, ते अपुरे होते. वादळानंतर दोन आठवड्यांच्या आत राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प बेटावर आले, तेव्हा अधिकृत संख्या १६ होती आणि त्यांनी तिची तुलना २००५ च्या कॅटरीना वादळातील मृतांशी करून समाधान व्यक्त केले. इतक्या लवकर आलेल्या संख्येवरून कोणतीही तुलना करणे चुकीचेच होते, कारण बहुतेक मृत्यू अजून घडायचे होते.

४,६४५ हा सर्वेक्षणावरून काढलेला अंदाज आहे. संशोधकांनी बेटावरील ३,२९९ कुटुंबांना भेटून घरातील मृत्यूंची माहिती घेतली, तिच्यावरून मृत्युदर काढला, त्याची आदल्या वर्षाशी तुलना केली आणि वर्षअखेरपर्यंतचे अतिरिक्त मृत्यू, म्हणजे एरवीपेक्षा जास्त झालेले मृत्यू, किती असावेत ते मांडले. एवढ्या नमुन्यात प्रत्यक्ष मृत्यू थोडेच सापडतात, त्यामुळे अंदाजाची मर्यादा फार रुंद राहते. खुद्द त्या निबंधात ती ७९३ ते ८,४९८ अशी दिलेली आहे. वृत्तपत्रांनी मधला आकडा उचलला आणि मर्यादा गाळली. या सर्वेक्षणाचे खरे मोल मला वेगळ्या ठिकाणी वाटते. अतिरिक्त मृत्यूंपैकी साधारण एक तृतीयांश मृत्यूंमागे उपचार उशिरा मिळणे किंवा खंडित होणे हे कारण कुटुंबीयांनी सांगितले. औषधे न मिळणे, वीज नसल्याने उपकरणे बंद पडणे, रस्ता नसल्याने दवाखान्यापर्यंत न पोहोचणे ही माहिती कोणत्याही दाखल्यावर नव्हती, ती घरोघर जाऊन विचारल्यावरच मिळाली.

२,९७५ हा जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा अंदाज आहे. सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८ या सहा महिन्यांत नोंदलेले सर्व मृत्यू घेऊन, वादळ आलेच नसते तर त्या काळात किती मृत्यू अपेक्षित होते याच्याशी त्यांनी तुलना केली. यातील अवघड भाग असा की हजारो लोक बेट सोडून गेल्याने लोकसंख्या घटत होती. ती घट लक्षात घेतली नाही, तर अपेक्षित मृत्यू जास्त धरले जातात आणि अतिरिक्त मृत्यू कमी दिसतात. त्यांनी स्थलांतराचा हिशेब धरला आणि २,६५८ ते ३,२९० ही मर्यादा दिली. ती पुष्कळ अरुंद आहे. हा अहवाल २८ ऑगस्ट २०१८ रोजी प्रसिद्ध झाला आणि पोर्तो रिकोच्या सरकारने त्याच दिवशी तो अधिकृत आकडा म्हणून स्वीकारला. हा अभ्यासही सरकारनेच करवून घेतला होता, त्यामुळे सरकारने काहीच मान्य केले नाही असे म्हणता येणार नाही. मात्र जवळजवळ वर्षभर ६४ या संख्येला चिकटून राहणे अक्षम्य होते, याबाबत मी आपल्याशी सहमत आहे.

दोन अभ्यासांचे कालावधी वेगळे, पद्धती वेगळ्या, आणि तरीही २,९७५ ही संख्या पहिल्या अभ्यासाच्या मर्यादेत बसते. त्यामुळे दोन्ही एकमेकांना खोटे पाडत नाहीत. विद्यापीठाच्या अहवालातील आणखी एक निष्कर्ष मला त्या एकूण आकड्याहून महत्त्वाचा वाटतो. सहा महिन्यांच्या काळात गरीब नगरपालिकांमधील रहिवाशांचा मृत्यूचा धोका सामान्यापेक्षा सुमारे ४५ टक्के अधिक राहिला आणि अभ्यास संपेपर्यंत तो उतरला नाही. ६५ वर्षांवरील पुरुषांचीही तीच स्थिती होती. वारा सगळ्या बेटावरून एका सकाळीच गेला, परंतु त्याचे ओझे सर्वांवर सारखे पडले नाही.

या संदर्भात पोर्तो रिकोबाहेरचीही एक गोष्ट नोंदवावी. शिरेतून द्यावयाच्या सलाइनच्या लहान पिशव्यांचे मोठे उत्पादन याच बेटावर होत असे. कारखान्यांची वीज गेल्यावर अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील रुग्णालयांत या पिशव्यांचा तुटवडा पडला आणि काही ठिकाणी परिचारिकांना औषध पिशवीऐवजी सिरिंजमधून, रुग्णाजवळ मिनिटेच्या मिनिटे उभे राहून, हळूहळू द्यावे लागले. वादळाचे केंद्र ज्या गावांपासून हजारो किलोमीटर दूर राहिले, तेथील रुग्णखाटेपर्यंत त्याचा परिणाम पोहोचला होता.

किनारपट्टी

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. श्रेणी आणि घेर यांतील फरक, तसेच पारेषण वाहिन्यांचा मुद्दा माझ्या लेखाची दिशाच बदलणारा आहे. आता दोन गोष्टी विचारतो. पोर्तो रिको सोडल्यानंतर वादळाचे पुढे काय झाले, आणि या वादळाची तीव्रता हवामानबदलामुळे वाढली असे लिहिणे योग्य ठरेल का? शिवाय लेखात एक तक्ता आहे, त्यात मृतांसाठी एकच रकाना आहे. तेथे काय लिहावे?

मेघमंडल

डोंगरांशी घर्षण होऊन मारिया दुसऱ्या श्रेणीपर्यंत उतरली, परंतु समुद्रावर आल्यावर पुन्हा तिसऱ्या श्रेणीत गेली आणि टर्क्स व केकोस बेटांच्या पूर्वेकडून उत्तरेला वळली. पुढे तिच्या वाटेतील पाणी होजे या आधीच्या वादळाने ढवळून थंड केलेले होते, त्यामुळे ती हळूहळू क्षीण होत गेली. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यापासून दूर राहून तिने तेथे फक्त उंच लाटा आणि वादळी वारे पोहोचवले. २८ सप्टेंबरला पश्चिमी वाऱ्यांनी तिला पूर्वेकडे ओढले, ३० तारखेला तिचे उष्णकटिबंधीय स्वरूप संपले आणि २ ऑक्टोबरला आयर्लंडच्या नैर्ऋत्येला तिचे अवशेष विरले. जागतिक हवामान संघटनेने हे नाव यादीतून कायमचे काढले असून त्याऐवजी मार्गो हे नाव घेतले आहे.

हवामानबदलाविषयी लिहिताना वारा आणि पाऊस वेगळे ठेवावेत. मारियाच्या पावसाबाबत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने, इतका अतितीव्र पाऊस होण्याची शक्यता १९५० च्या दशकाच्या तुलनेत जवळजवळ पाचपट झाली आहे, असे दाखवले. उष्ण हवा अधिक बाष्प धरते, हे त्यामागचे सरळ भौतिक कारण आहे. वाऱ्याच्या जलद तीव्रतावाढीविषयी, विशेषतः एका ठरावीक वादळाच्या बाबतीत, एवढ्या ठामपणे लिहू नये. २०१७ चा संपूर्ण हंगामच विलक्षण सक्रिय होता. त्यात १७ वादळांना नावे मिळाली आणि त्यांपैकी सहा तिसऱ्या किंवा त्यावरच्या श्रेणीत गेली.

लोकारोग्य

तक्त्याच्या रकान्यात एकटा आकडा लिहू नये, असे मी सुचवेन. जागा थोडी असली, तरी पुढील मजकूर बसेल: "पोर्तो रिको: २,९७५ अतिरिक्त मृत्यू (सप्टेंबर २०१७ ते फेब्रुवारी २०१८, अंदाजाची मर्यादा २,६५८ ते ३,२९०). डॉमिनिका: ६५, बेपत्ता धरून." ६४ हा आकडा मजकुरात द्यावा आणि तो दाखल्यांवरून आलेला आहे हे त्याच वाक्यात सांगावे. ४,६४५ द्यायचा असेल, तर त्याची मर्यादा त्याच्या शेजारीच द्यावी. तक्त्यात इतर वादळेही असतील, तर त्यांचे आकडे दाखल्यांवरचे आहेत की अतिरिक्त मृत्यूंचे, हे प्रत्येकापुढे लिहावे लागेल, कारण जुन्या वादळांची बहुतेक आकडेवारी पहिल्या प्रकारची आहे आणि एकाच रकान्यात ती मारियाच्या खाली ठेवली, तर वाचक नकळत दोन निराळ्या मापांची तुलना करील.